डासांचे औषध घरात आणताना: लेकरे, जनावरे आणि पाणी जपून ते कसे वापरावे

किराणा दुकानात साबण आणि बिस्किटांच्या शेजारी टांगलेली डासांची कॉइल, मशीनची रिफिल किंवा मच्छर अगरबत्ती आपण मीठ-मिरची घ्यावी इतक्या सहजपणे उचलतो. परंतु कायद्याच्या लेखी तिची जागा कापसावर फवारायच्या औषधांच्याच रांगेत आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा दोन्हींना लागू होतो आणि केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे दोन्हींची नोंदणी करावी लागते. घरगुती औषधात विषाचे प्रमाण पुष्कळ कमी असते हे खरे, तरी त्याचे काम तेच असते: किड्याच्या मज्जातंतूंवर घाला घालणे. मज्जातंतू किड्यालाच असतात असे नाही, एवढे ध्यानात ठेवले तर पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचनांची कारणे वेगळी सांगावी लागणार नाहीत.

ही औषधे वापरूच नयेत, असे मला म्हणायचे नाही. डेंग्यूच्या तापात प्लेटलेट उतरत चाललेल्या मुलाच्या उशाशी ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना ‘रसायने टाळा’ असा कोरडा उपदेश करण्यात काही अर्थ नाही. डास चावणे हा मोठा धोका आहे आणि औषध हा त्याहून लहान, पण रोजचा धोका आहे. हा लहान धोका आणखी लहान कसा करायचा आणि तो कोणाच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी रांजण, मग रिफिल

मराठवाड्यात डासांचा प्रश्न पाण्याच्या टंचाईशी जोडलेला आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसाला हे लवकर उमगत नाही. ज्या प्रदेशातील लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे नळ चार-आठ दिवसांनी येणे हे नित्याचे आहे. त्यामुळे प्रत्येक घरात रांजण, हौद, प्लास्टिकचे ड्रम आणि गच्चीवरची टाकी भरून ठेवलेली असते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अंडी घालतो. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स वेगळा, आणि तो प्रामुख्याने रात्री चावतो. एडिस मात्र दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी चावतो. म्हणूनच रात्रभर मशीन लावून निश्चिंत झालेल्या घरातील मूल दुपारी बाजेवर झोपलेले असताना डेंग्यूचा डास चावतो आणि रात्रीच्या औषधाचा त्याला काहीच उपयोग होत नाही.

उन्हाळी किंवा दमट हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक वार ठरवून घरातील सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवली, तर ती पिढी तेथेच संपते. येथे एक बारकावा बहुधा निसटतो. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेतही महिनोन्महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही, ड्रमची आतली बाजू घासणीने खरवडून काढली पाहिजे. ओतलेले पाणी वाया घालवण्याचेही कारण नाही. ते झाडांना घालावे. कोरड्या मातीवर पडलेल्या अळ्या जगत नाहीत.

ज्या हौदात आठवड्याचे पाणी आहे तो रिकामा करा, असे टंचाईच्या गावात कोणी सांगू नये. अशा हौदावर घट्ट झाकण ठेवावे किंवा दुहेरी धोतराचे कापड ताणून बांधावे, आणि वापरायच्या पाण्याच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. ते हिवताप विभागाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळू शकतात. गप्पी बंदिस्त हौदातच ठेवावेत. ते मूळचे आपल्याकडचे नाहीत आणि ओढ्यात, तळ्यात गेले तर स्थानिक लहान माशांच्या अन्नावर व पिलांवर ताव मारतात. आरोग्य कर्मचारी साठवणीच्या पाण्यात टेमेफॉस हे अळ्या मारणारे औषध टाकतात, त्याचे मोजमाप त्यांच्याकडेच राहू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा लिटरमागे एक मिलिग्रॅम आहे, आणि ‘थोडे जास्त टाका, सगळे मरतील’ असा आग्रह त्यांना करू नये.

कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर पडलेला टायर आणि फुटका माठ यांची वेगळी आठवण करून देण्याची गरज नसावी. सांडपाण्याचे मात्र सांगितले पाहिजे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली, आणि डासमुक्त गाव म्हणून त्याचे नाव झाले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्याभोवती दगड-गोटे, आणि न्हाणीघराचे पाणी पाइपाने थेट त्या टाकीत: एवढीच त्याची रचना असते. एका शोषखड्ड्याने दरवर्षीच्या किती कॉइल वाचतात याचा हिशेब मी मांडलेला नाही, पण माझ्या दृष्टीने डासांवरचा पहिला खर्च हाच असावा.

वेष्टनावर काय पाहावे

औषध घेताना वेष्टन उलटे करावे. त्यावर नोंदणी क्रमांक, घटक रसायनाचे नाव आणि टक्केवारी, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख हे सर्व असले पाहिजे. एका कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. घरगुती वापराच्या वस्तूवर लाल किंवा पिवळा रंग दिसला, तर ती घरात आणू नये.

ही सवय सर्वांत जास्त उपयोगी पडते ती मच्छर अगरबत्तीच्या बाबतीत. आठवडी बाजारात आणि टपऱ्यांवर पाच-दहा रुपयांना मिळणाऱ्या अनेक पुड्यांवर ना रसायनाचे नाव असते, ना नोंदणी क्रमांक. ‘हर्बल’ हा शब्द मात्र ठळक असतो. एका काडीने खोलीतले सगळे डास पाच मिनिटांत पडत असतील, तर ती किमया वनस्पतीच्या अर्काची नसून बहुधा पायरेथ्रॉइड या गटातील तीव्र कृत्रिम कीटकनाशकाची असते, आणि त्याचे प्रमाण किती हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय तिचे नाव अगरबत्ती असल्यामुळे ती देवघराजवळ, तोंडासमोर लावली जाते. नोंदणी क्रमांक नसलेली काडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

कॉइल: बंद खोलीत कधीही नाही

कॉइलमध्ये कीटकनाशक अगदी थोडे असते. उरलेला सगळा भाग म्हणजे लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड, डिंक आणि रंग. तो तासन्‌तास धुमसत राहतो. म्हणून कॉइलचा मोठा अपाय तिच्या औषधापेक्षा तिच्या धुराने होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मोजले गेले की, एक कॉइल जळताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे होते आणि फॉर्माल्डिहाइड वायू ५१ सिगारेटींइतका असू शकत होता. एका कॉइलने एक माणूस शंभर सिगारेटी ओढतो असा याचा अर्थ नव्हे, कारण तो धूर खोलीभर पसरतो. पण दारे-खिडक्या लावलेल्या पत्र्याच्या खोलीत चार माणसे आणि एक तान्हे मूल झोपलेले असेल, तर तो धूर जाणार कुठे?

वीज गेली की मशीन बंद पडते आणि कपाटातली कॉइल बाहेर निघते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. लावायचीच असेल तर ती अंगणात, ओसरीवर किंवा गच्चीवर, वाऱ्याची दिशा पाहून, झोपणाऱ्यापासून काही हात दूर लावावी. खोलीतले डास घालवायचे असतील, तर संध्याकाळी माणसे बाहेर असताना ती अर्धा-पाऊण तास लावून विझवावी, खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी आणि मग मच्छरदाणी लावून झोपावे. दमा असलेले, क्षयातून उठलेले, बाळंतीण आणि एक वर्षाखालचे मूल ज्या खोलीत आहे, तेथे ती अजिबात लावू नये. पत्र्याच्या स्टँडखाली नेहमी मोठी ताटली ठेवावी. गोधडी, कापसाची गादी किंवा कडबा यांच्याजवळ धुमसती कॉइल ठेवल्याने लागलेल्या आगी डासांपेक्षा मोठे नुकसान करून जातात.

मशीन आणि रिफिल

द्रवाच्या मशीनमध्ये धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी आहे असे समजले जाते. रिफिलमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन यांसारखे पायरेथ्रॉइड असते आणि ते बहुधा वास काढून टाकलेल्या रॉकेलच्या जातीच्या तेलात विरघळवलेले असते. मूळचे पायरेथ्रम हे शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळते आणि ही रसायने त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली आहेत. म्हणूनच जाहिरातीत फुले दिसली तरी हुरळून जाऊ नये. मोठ्या माणसाच्या शरीरात यांचे विघटन बऱ्यापैकी लवकर होते. तरीही बंद खोलीत, रोज, दहा-दहा तास ती हुंगल्याने काहींना डोकेदुखी, डोळ्यांची आणि घशाची जळजळ, शिंका किंवा दम्याचा झटका येतो. चेहऱ्यावर मुंग्या आल्यासारखे वाटणे हेही पायरेथ्रॉइडचे ओळखीचे लक्षण आहे.

मशीन उशाशी नसावे. पाळण्यापासून आणि डोक्यापासून सहा-सात फूट दूर, शक्यतो खिडकीच्या बाजूच्या प्लगमध्ये असावे. झोपण्याच्या तासभर आधी ते लावून, झोपताना बंद करणे आणि पुढची रात्र मच्छरदाणीवर सोपवणे, हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. खिडकीला जाळी असल्यास ती उघडी ठेवावी. ए.सी. लावून बंद केलेल्या खोलीत रात्रभर ‘जास्त’ या खुणेवर मशीन चालू ठेवण्याचे काही कारण नाही.

रिफिलची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. रांगणारे मूल जमिनीलगतच्या प्लगपर्यंत सहज पोहोचते, आणि बाटलीतील तेल तोंडात गेल्यावर खरी भीती पोटापेक्षा फुप्फुसांची असते. रॉकेलसारखे पातळ तेल ठसका लागताना किंवा उलटी होताना श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. आमच्या गल्लीत एका दीड वर्षाच्या लेकराने रिफिलमधले तेल प्यायल्यावर घरच्यांनी प्रेमापोटीच त्याच्या घशात बोट घालून उलटी करवली होती, आणि त्या मुलाला पुढे कितीतरी दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. प्लग उंचावर असावा, आणि रिकाम्या बाटल्या खेळायला देऊ नयेत.

याच बाटल्यांच्या संदर्भात एक ‘घरगुती उपाय’ मोबाइलवर फिरत असतो: रिकाम्या रिफिलमध्ये कडुनिंबाचे तेल, कापूर आणि रॉकेल किंवा टर्पेंटाइन भरा आणि पैसे वाचवा. हे कृपया करू नये. मशीनची वात आणि तापणारी कडी एका ठरावीक द्रवासाठी बनवलेली असते. भलते तेल भरल्याने ते पेट घेऊ शकते, आणि कापराची वाफ तान्ह्या मुलांच्या श्वासाला अपायकारक आहे.

फवारण्याच्या डब्यांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांत दाबाखाली ज्वालाग्राही वायू असतो. गॅसच्या ओट्याखाली झुरळांवर स्प्रे मारून लगेच शेगडी पेटवणे, किंवा समईजवळ तो मारणे, यातून भडका उडतो. अन्न, पाण्याचे माठ आणि ताटल्या झाकून, दिवे विझवून, मुले व जनावरे बाहेर काढून स्प्रे मारावा. पंधरा-वीस मिनिटे खोली बंद ठेवावी, नंतर उघडून ओट्याचा पृष्ठभाग साबणाने पुसावा.

अंगाला लावायचे क्रीम

दिवसा चावणाऱ्या डासापासून वाचायचे असेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या भागाला क्रीम हाच व्यवहार्य उपाय आहे. खोलीभर विष पसरवण्यापेक्षा त्वचेवर थोडेसे लावणे मला बरे वाटते, कारण त्याचे प्रमाण आपल्या हातात राहते आणि ते धुता येते. डास दूर ठेवण्यासाठी जगात सर्वाधिक वापरले गेलेले रसायन म्हणजे डीट. अमेरिकी सैन्याने ते १९४६ पासून वापरले आणि १९५७ पासून ते सामान्य लोकांना मिळू लागले. आपल्याकडे ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेने डेपा हे त्याच्याच धर्तीचे रसायन विकसित केले.

डीटचे प्रमाण जास्त म्हणजे संरक्षण जास्त असे नसून जास्त वेळ असे असते: १० टक्क्यांचे क्रीम साधारण दोन तास आणि ३० टक्क्यांचे पाच तास टिकते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन महिन्यांखालील बाळाला डीट लावू नये आणि मुलांसाठी ते ३० टक्क्यांहून अधिक नसावे, असे सांगितले आहे. तासाभराच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाला कमी टक्क्यांचेच पुरे. क्रीम मोठ्यांनी आपल्या तळहातावर घेऊन मुलाला लावावे. मुलाच्या तळहाताला, डोळ्यांभोवती, ओठांना, खरचटलेल्या किंवा पुरळ उठलेल्या जागी लावू नये. कपड्यांखाली ते लावण्याची गरज नसते. भाकरी खाण्यापूर्वी हात धुवावेत आणि घरी परतल्यावर हातपाय साबणाने धुऊन टाकावेत. डीट प्लास्टिक आणि काही कृत्रिम धाग्यांना विरघळवते. चष्म्याची फ्रेम किंवा घड्याळाची काच धुरकट झाली, तर त्याचे कारण हेच असू शकते.

सिट्रोनेला या सुगंधी गवताचे तेल अपायकारक कमी, पण फार वेळ टिकत नाही. २००२ सालच्या एका तुलनात्मक चाचणीत सुमारे २४ टक्के डीट असलेल्या द्रवाने सरासरी पाच तास संरक्षण दिले, तर सिट्रोनेलाची बहुतेक तेले वीस मिनिटांच्या आतच निष्प्रभ झाली, आणि मनगटावर बांधायच्या पट्ट्यांनी जवळजवळ काहीच संरक्षण दिले नाही. ‘ध्वनिलहरींनी डास पळवणाऱ्या’ यंत्रांचाही उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. अशा वस्तूंचा धोका रसायनाचा नसून खोट्या भरवशाचा आहे.

कडुनिंब, शेणी आणि अंड्याचे ट्रे

गोठ्यात संध्याकाळी शेणी आणि कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी जपली, आणि उघड्या गोठ्यात जनावरांना त्याने आराम मिळतो यात शंका नाही. परंतु धूर हा धूरच असतो. पाला झाडाचा असला तरी त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसात तसेच शिरतात; अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे घरात जाळणे तर त्याहून वाईट. कडुनिंबाचे तेल खोबरेल तेलात मिसळून मोठ्यांनी अंगाला लावण्यास हरकत नाही, मात्र ते तान्ह्या मुलांना पोटात देऊ नये. त्यातून झटके आणि मेंदूला सूज आल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. कापूरही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये, कारण थोड्याशा कापरानेही आकडी येते. डांबरगोळ्यांत ठेवलेले दुपटे आणि झबले बाळाला घालण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावे. जन्मतः एका विशिष्ट विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनने फुटतात आणि कावीळ विकोपाला जाते.

शेतातले औषध उंबऱ्याच्या आत आणू नये

आतापर्यंत सांगितलेले सर्व धोके एकीकडे आणि हा एक दुसरीकडे. फवारणी संपल्यावर बाटलीत उरलेले दोन बोटे औषध ढेकणांसाठी बाजेच्या सांध्यांत घालणे, उवांसाठी मुलींच्या डोक्याला लावणे, पाण्यात मिसळून खोलीत डासांसाठी शिंपडणे: हे प्रकार खेड्यांत आजही घडतात आणि घरातील माणसे त्यामुळे दगावतात. डायक्लोरव्हॉस हे घरात सर्रास शिंपडले जाणारे औषध होते, त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. एखाद्या दुकानात किंवा घराच्या माळ्यावर जुनी बाटली अजून असेल, तर ती वापरू नये. सेंद्रिय फॉस्फरस गटातील ही विषे त्वचेतूनही शरीरात जातात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उघड्या रानात फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि मजूर मृत्युमुखी पडले. मोकळ्या हवेत जे घडले, ते चार भिंतींच्या आत किती लवकर घडेल याचा विचार करावा.

धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचेही असेच आहे. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. या गोळ्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा, असा नियम आहे. ज्वारीच्या पोत्यांत किंवा ढेकणांसाठी गादीखाली गोळ्या ठेवून त्याच खोलीत झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. ज्वारी दातांखाली कट्‌कन तुटेपर्यंत वैशाखाच्या उन्हात वाळवावी आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या कोठीत भरावी. ढेकणांसाठी बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि नवार उकळून काढावी. उवांसाठी औषध दुकानातील, डोक्यासाठीच बनवलेले लोशन आणि बारीक फणी वापरावी. गोचिडांवरचे औषधही जनावरांपुरतेच ठेवावे.

रेशमाचे किडे, मधमाश्या आणि मासे

माझ्या एका नातेवाइकांचे जालना जिल्ह्यात तुतीचे एक एकर आणि रेशीम किड्यांचे शेड आहे. मागे एका पावसाळ्यात रात्रपाळीला थांबलेल्या माणसाने डास फार म्हणून शेडच्या दाराशी कॉइल लावली. सकाळी अळ्या पाला सोडून माना वर करून थरथरत होत्या, तोंडातून हिरवे पाणी गळत होते, आणि कोष बांधण्याच्या बेतात आलेली ती संपूर्ण बॅच दोन दिवसांत गेली. रेशीम किडा हाही किडाच आहे. डासाला मारणारे पायरेथ्रॉइड त्याला वेगळे ओळखत नाही. बीड आणि जालना या जिल्ह्यांत आता शेकडो कुटुंबे रेशमावर उभी आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगतो: संगोपनगृहात आणि त्याला लागून असलेल्या घरात कॉइल, मशीन, अगरबत्ती किंवा स्प्रे काहीही वापरू नये, हाताला डासांचे क्रीम लावून तुतीचा पाला तोडू नये, गावात धूरफवारणी होणार असेल तर आधी सांगून शेडची बाजू वगळून घ्यावी. शेडला बारीक नायलॉनची जाळी आणि राखणदाराला मच्छरदाणी एवढे पुरेसे आहे.

मधमाश्यांचेही तेच. मोसंबीच्या बागा, तूर, सूर्यफूल यांचे परागीभवन ज्या माश्या करतात, त्या फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी बाहेर पडतात. त्या वेळी धूरफवारणी झाली तर त्या पोळ्याकडे परतत नाहीत. फवारणी खरोखरच आवश्यक असेल तर ती सूर्यास्ताच्या सुमारास, साथ असलेल्या वस्तीपुरती असावी. ग्रामपंचायतीने दर आठवड्याला धूर सोडावा असा आग्रह आपण नागरिकच धरतो, कारण धूर दिसतो आणि काम झाल्याचे समाधान मिळते; पण तो उडत्या डासांनाच मारतो, हौदातल्या अळ्या तशाच राहतात आणि काही दिवसांत डास पुन्हा येतात.

पाण्यातल्या जीवांच्या बाबतीत पायरेथ्रॉइडची तीव्रता थक्क करणारी आहे. एक लिटर पाण्यात मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्श्याएवढे प्रमाणही कित्येक जातींच्या माशांना मारण्यास पुरते. म्हणून स्प्रेचा डबा, रिफिल किंवा औषधाने भिजवलेली मच्छरदाणी ओढ्यावर, विहिरीच्या काठी किंवा गोदावरीच्या घाटावर धुऊ नये. बादलीत धुवावी आणि ते पाणी विहिरीपासून दूर कोरड्या जमिनीत जिरू द्यावे. गप्पी मासे असलेल्या हौदाजवळ स्प्रे मारणे म्हणजे आपणच आणलेले राखणदार मारणे होय. घरात मांजर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी: मांजराचे यकृत पर्मेथ्रिन हे पायरेथ्रॉइड पचवू शकत नाही, त्यामुळे ते असलेले कुत्र्याच्या पिसवांचे औषध मांजराला कधीही लावू नये.

रिकामे डबे चुलीत टाकू नयेत, ते फुटतात. मशीनच्या रिकाम्या बाटल्या तेल-रॉकेल भरण्यासाठी वापरू नयेत. त्या वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीत द्याव्यात.

साधी मच्छरदाणी या सर्वांपेक्षा सरस आहे, हे मी मुद्दाम येथे सांगतो, कारण तिच्याविषयी लिहिण्यासारखे धोके जवळजवळ नाहीत. विकत घेताना जाळी एका चौरस इंचात साधारण १५६ छिद्रे असलेली, म्हणजे पुरेशी बारीक पाहावी; कडा गादीखाली खोचाव्यात; फाटलेली जागा लगेच शिवावी. दिवसा झोपणाऱ्या बाळासाठी छत्रीसारखी उघडणारी लहान मच्छरदाणी खेड्यातल्या बाजारातही मिळते.

विषबाधा झाली तर

कोणी औषध गिळले तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध, ताक किंवा तूप पाजू नये. त्वचेवर सांडले असल्यास कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. डोळ्यांत गेले असल्यास पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. धुराने किंवा वायूने गुदमरलेल्याला आधी मोकळ्या हवेत आणावे. तोंडाला फेस, सतत लाळ आणि घाम, आकसलेल्या बाहुल्या, स्नायू फडफडणे किंवा श्वास लागणे ही शेतीच्या विषाची लक्षणे आहेत. अशा वेळी मांत्रिकाकडे किंवा गावठी उपायांकडे वळण्यात जाणारा अर्धा तास जिवावर बेततो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रिफिल मुलाच्या तोंडात गेली असेल आणि ते ठणठणीत दिसत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे, कारण खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकतात.

दवाखान्यात जाताना बाटली, पुडी किंवा निदान तिचे वेष्टन सोबत न्यावे. ‘डासांचे औषध प्यायले’ एवढ्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाही. पायरेथ्रॉइड, रॉकेल आणि सेंद्रिय फॉस्फरस यांच्यावरचे उपचार पूर्णपणे भिन्न आहेत, आणि चुकीच्या समजुतीने दिलेले औषधही अपाय करते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक औषधे ठेवायच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि ते कपाट लेकरांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर असावे.